रकाना पुरोहिताचा, सही मामाची

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ताई साडेनऊलाच झोपते, त्यामुळे त्या वेळी तिचे नाव फोनवर दिसताच कुणाचे तरी बरेवाईट झाले असावे, अशीच माझी समजूत झाली. तसे काही झाले नव्हते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी एक लांबलचक मजकूर टाकला होता आणि तो वाचून तिची झोप उडाली होती. "अरे, आपल्या पोरीचं लग्न कायद्यानं लग्नच नाही म्हणे. सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. आता गुरुजींना बोलावून पुन्हा लावून घ्यायचं का?"

पोर म्हणजे माझी भाची. तिचे लग्न गेल्या मार्गशीर्षात सत्यशोधक पद्धतीने झाले. मंडपात होम नव्हता आणि भटजीही नव्हते. दोघांनी एकमेकांना हार घातले आणि जमलेल्या दोनशे माणसांसमोर स्वतः लिहिलेल्या प्रतिज्ञा म्हटल्या. त्या म्हणवून घेण्याचे काम मामा या नात्याने माझ्याकडे होते. मी वकील नाही. एकतीस वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले एवढीच माझी पुंजी आहे; परंतु एखादे कलम काढून वाचणे आणि निकालपत्र शेवटपर्यंत वाचणे या दोन सवयी त्या नोकरीने लावल्या. हाच मजकूर पुढच्या आठवड्यात मला आणखी तीन गटांवर दिसला, त्यातील एक माझ्या माजी विद्यार्थ्यांचा होता, आणि तेव्हा मात्र गप्प बसणे जमेना.

मजकुरात थोडक्यात असे म्हटले आहे: सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये भटजीशिवाय लागलेले हिंदू लग्न बेकायदेशीर ठरवले, रजिस्टर लग्न म्हणजे नुसता कागद, त्यातून झालेल्या मुलांना वारसा मिळत नाही, सत्यशोधक लग्न हे अलीकडच्या पुरोगाम्यांचे आयात केलेले खूळ आहे, बायकांनी मंत्र म्हणून लावलेली लग्नेही रद्दबातल आहेत, होम आणि पुरोहित यांच्या सक्तीमुळेच आपल्या मुली फसवणुकीपासून वाचतात, विशेष विवाह कायद्यातील, म्हणजे धर्मविधीशिवाय सरकारी अधिकाऱ्यासमोर लग्न लावण्याच्या कायद्यातील, तीस दिवसांची नोटीस रद्द करा म्हणणाऱ्यांना मुली पळवायच्या आहेत, आणि विवाहकायद्यात सुधारणा मागणाऱ्यांना फक्त हिंदूंचेच विधी दिसतात. शेवटी अर्थातच, "प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोहोचवा".

पहिला मुद्दा निकालाचा. तो निकाल १९ एप्रिल २०२४ चा आहे, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाचा आहे, आणि त्याचा विषय भटजी हा नव्हताच. दोन व्यावसायिक वैमानिकांनी प्रत्यक्ष लग्न लावण्यापूर्वीच एका संस्थेकडून विवाहाचे प्रमाणपत्र घेतले, त्याच्या आधारे सरकारी नोंदणीही करून टाकली आणि खऱ्या लग्नाची तारीख पुढे ठेवली. ती तारीख येईपर्यंत दोघांचे बिनसले. मग दोघांनीच मिळून न्यायालयाला सांगितले की आमच्यात कोणताही विधी झालेला नाही, तेव्हा हा विवाह झालाच नाही असे जाहीर करावे. न्यायालयाने तसे जाहीर केले. जिथे सत्यशोधक, वैदिक, बौद्ध किंवा अन्य कोणत्याच पद्धतीने लग्न लागले नव्हते, तिथे नोंदणीचा कागद लग्न निर्माण करू शकत नाही, इतकाच त्याचा अर्थ होतो. निकालपत्रात सप्तपदीचे महत्त्व भरभरून सांगितले आहे आणि लग्न म्हणजे नुसते नाचगाणे व खाणेपिणे नव्हे असे खडसावलेलेही आहे. मजकूर लिहिणाऱ्याने तेवढे वाक्य उचलले. परंतु त्याच निकालपत्रात, विशेष विवाह कायद्याखाली कोणत्याही जातिधर्माचे स्त्रीपुरुष पतिपत्नीचा दर्जा मिळवू शकतात, हेही स्वच्छ नमूद केले आहे. ते वाक्य मात्र सोयीस्करपणे गाळले गेले.

एक अर्धसत्य मला इथे नाइलाजाने मान्य करावे लागते. हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी म्हणजे लग्न नव्हे. झालेल्या लग्नाचा तो केवळ पुरावा आहे. "आधी रजिस्टर करून टाकू, व्हिसाचे काम होईल, लग्न दिवाळीनंतर" असे करणारी घरे माझ्याही ओळखीत आहेत, आणि त्यांनी हा निकाल जरूर वाचावा. मजकुरातील खरेपणा एवढ्यावरच संपतो.

कारण मूळ कायदा काय म्हणतो ते पाहण्याचे कष्ट कुणीच घेतलेले नाहीत. हिंदू विवाह कायदा, १९५५ चे सातवे कलम चार ओळींचे आहे. वधू किंवा वर, या दोहोंपैकी कोणाही एकाच्या रूढ रीतींनुसार व विधींनुसार विवाह लावता येईल, हा त्याचा पहिला भाग. त्या विधींत सप्तपदीचा समावेश असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, हा दुसरा. "समावेश असेल तर" हे शब्द माझे नाहीत, कायद्याचेच आहेत. आणि या संपूर्ण कलमात पुरोहित हा शब्दच नाही. त्याची जात नाही, लिंग नाही, परवाना नाही, दक्षिणा तर नाहीच नाही. पन्नासच्या दशकात संसदेने वादविवादांचा डोंगर उपसून जे लिहायचे टाळले, ते व्हॉट्सॲपवरील एका अनामिकाने एका रात्रीत लिहून टाकले.

आता त्या मुद्द्याकडे वळतो, ज्याच्यामुळे मी खरोखर संतापलो. होम आणि पुरोहित यांची सक्ती मुलींचे रक्षण करते, असे हा मजकूर सांगतो. ज्या आईवडिलांना मुलीची काळजी आहे त्यांच्या काळजीवरच इथे हात घातलेला आहे, आणि वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ती उलटी आहे याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या रूपात. १९६५ सालचा लोखंडे खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्यादुसऱ्या वर्षीच शिकवतात. पहिली बायको हयात असताना एका माणसाने १९६२ मध्ये दुसरा घरोबा केला. पहिल्या बायकोच्या बाजूने फिर्याद झाली, खालच्या न्यायालयाने शिक्षाही दिली. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने लागले आणि तशी पद्धत त्या समाजात रूढ आहे, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने विचारले की होम झाला का, सप्तपदी झाली का, आणि नसल्यास त्यांच्याशिवायच लग्न लागते अशी रूढी सिद्ध झाली का. तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले. मग दुसरे लग्न कायद्याच्या दृष्टीने लागलेच नाही; आणि लागले नाही म्हणून द्विभार्येचा गुन्हाही झाला नाही. तो माणूस सुटला.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचावे. त्याने दुसरे लग्न केले हे गावाला माहीत होते, शेजाऱ्यांना माहीत होते, दोन्ही बायकांना तर माहीत होतेच. फक्त अग्नीभोवतीची सात पावले सिद्ध झाली नाहीत. विधीच्या या सक्तीने पहिल्या बायकोला न्याय दिला नाही, दुसरीला पत्नीचा दर्जा दिला नाही. तिने रक्षण केले ते एकट्या नवऱ्याचे. त्यानंतर अशा कित्येक खटल्यांत आरोपीच्या वकिलाने हीच वाट धरली, कारण दुसरे लग्न करणारा माणूस ते गुपचूप करतो आणि गुपचूप लग्नात साग्रसंगीत होम करून कुणी पुरावा मागे ठेवत नाही. देवळात हार घालायचे, मंगळसूत्र बांधायचे, संसार थाटायचा, आणि अंगाशी आले की "सप्तपदी कुठे झाली?" असे विचारायचे. द्विभार्येला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९४ जाऊन आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८२ आले, तरी ही पळवाट शाबूत आहे.

ती बुजवता येते हेही एका राज्याने दाखवून दिले आहे. तमिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीतील लग्ने पुरोहिताविना लागत असत. पन्नासच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयाने असे एक लग्न, ते रूढीत बसत नाही म्हणून, अवैध धरले आणि असंख्य संसार एका निकालाने अधांतरी लोंबकळले. १९६७ साली अण्णादुराई यांचे सरकार आले आणि त्याने हिंदू विवाह कायद्यात त्या राज्यापुरते कलम ७-अ घातले. नातेवाईक, मित्र किंवा अन्य व्यक्तींच्या समक्ष, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत "मी हिला पत्नी मानतो", "मी याला पती मानते" असे म्हणावे, किंवा एकमेकांना हार घालावा वा बोटात अंगठी घालावी, किंवा ताली म्हणजे तिकडचे मंगळसूत्र बांधावे. यांपैकी काहीही एक केले की लग्न वैध होते. आधी लागलेली अशी लग्नेही त्या दुरुस्तीने मागील तारखेपासून वैध केली.

याचा परिणाम २००१ च्या नागलिंगम खटल्यात दिसला. प्रसंग जवळपास लोखंडे खटल्यासारखाच होता: पहिली बायको हयात, १९८४ मध्ये देवस्थानात दुसरे लग्न, आणि सप्तपदी सिद्ध होत नाही म्हणून कनिष्ठ न्यायालयात आरोपीची सुटका. या वेळी मात्र सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सप्तपदी ही प्रत्येक हिंदू विवाहाची अट नाही, कलम ७-अ नुसार हे दुसरे लग्न लागलेले आहे, आणि म्हणूनच आरोपी दोषी आहे. दोन्हीकडे स्त्री सारखीच फसवली गेली होती. जिथे विधीची सक्ती होती तिथे नवरा सुटला आणि जिथे कायद्याने ती सैल केली तिथे तो अडकला. मुलींच्या रक्षणाची ज्यांना चाड आहे त्यांनी महाराष्ट्रालाही ७-अ हवे अशी मागणी विधानसभेकडे करायला हवी. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्याने दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेतली की ते होते. जे मद्रासला १९६७ मध्ये जमले ते जोतीरावांच्या महाराष्ट्राला अजून का जमू नये, हे मला उमजत नाही.

जोतीरावांचे नाव आले तेव्हा "आयात केलेल्या खुळा"चेही उरकून टाकतो. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली आणि त्या पद्धतीचे पहिले लग्न त्याच वर्षी २५ डिसेंबरला लागले. १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह सगळ्या पूजाविधीची पुस्तिका छापली. तिच्यातील मंगलाष्टकांत नवरी नवऱ्याकडे स्त्रियांच्या हक्कांची शपथ मागते. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे ब्राह्मणाला न बोलावता लग्ने लावली म्हणून ग्रामजोश्यांनी आपली दक्षिणा बुडाल्याचा दावा ठोकला आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणजे तुम्ही बोलावले नाही तरी वतनदार म्हणून माझी दक्षिणा द्या, असा तो हक्क होता. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने १९२६ साली कायदा करून न बोलावलेल्या वतनी जोश्याचा हा हक्क काढून घेतला. ज्या परंपरेला दीडशे वर्षे झाली, जिच्यावरून कोर्टकज्जे झाले, जिच्यामागोमाग कायदे आले, ती अलीकडची कशी? आजकालच्या लग्नांतील रंगीत पत्रिका, प्री-वेडिंगचे फोटो आणि संगीत यांच्याहून तर ती नक्कीच जुनी आहे.

तरीही एक अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात हशील नाही. कायद्यात रूढीची व्याख्या आहे: दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळली गेलेली. सुधारणेच्या विधीची पंचाईत अशी की तो सुधारणेचा असल्यामुळेच सुरुवातीला जुना नसतो, आणि ज्या घरात पहिल्यांदाच असे लग्न लागते त्या घराने "आमची रूढी" म्हणून काय दाखवायचे? दीडशे वर्षांच्या सत्यशोधक परंपरेला याचे उत्तर देता येते आणि माझी त्याविषयी खात्री आहे. परंतु उद्या इस्टेटीवरून भांडण उभे राहिले आणि समोरचा वकील चिवट निघाला, तर ते उत्तर साक्षीपुराव्याने द्यावे लागेल. तमिळनाडूतील जोडप्याला ते द्यावे लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ७-अ खालील लग्नाला जाहीर समारंभाचीही गरज नाही आणि वकील मित्राच्या नात्याने हजर असेल तर त्याच्यासमोर लागलेले लग्नही चालते. आमच्याकडे मात्र दोनशे माणसांसमोर लागलेल्या लग्नाची आई रात्री साडेदहाला जागी राहते.

कायद्यात नसलेला पुरोहित लोकांच्या डोक्यात कुठून शिरतो, हे मला भाचीच्या लग्नाची नोंदणी करताना कळले. आम्ही विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेलो. कोणते ते सांगण्यात अर्थ नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच असावे. लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे जन्माचे दाखले, तीन साक्षीदार, त्यांची आधारकार्डे, सगळे घेऊन गेलो होतो. खिडकीपलीकडील कारकुनाने हातात दिलेल्या नमुन्यात वर, वधू, साक्षीदार यांच्यानंतर एक चौकट होती: पुरोहिताचे नाव, वय, पत्ता, सही. मी तिथे माझे नाव लिहिले. कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही कोण?" मी मामा असल्याचे सांगितले. "मामा साक्षीदारात टाका. इथं भटजी पाहिजे." लग्न मीच लावले असे सांगून पाहिले, सत्यशोधक पद्धत समजावून पाहिली, सातवे कलम तर मला तोंडपाठच होते. त्याने शांतपणे अर्ज परत सरकवला आणि म्हणाला, "सर, मला कलम नका सांगू, मला रकाना भरून द्या."

बाहेर जिन्यापाशी एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्या मागोमाग आले. त्यांच्याकडे आधारकार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठाच होता. "पाचशे रुपये द्या, भटजी म्हणून सही करतो. रोज आठ-दहा करतो," असे ते अगदी आपुलकीने म्हणाले. भाचीने हात जोडले. विचार करा: जो माणूस लग्नाला नव्हता, ज्याने वधूवरांना पाहिले नव्हते, त्याची सही त्या रकान्यात चालली असती, आणि ज्याने प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या त्याची चालत नव्हती. पावित्र्य राखण्यासाठी आहे म्हणतात ती चौकट खोट्या साक्षीचा धंदा पोसत होती. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा दुसरे अधिकारी होते. त्यांनी अर्ज वाचला, "विधी करणारी व्यक्ती म्हणून घेतो," म्हणाले आणि पाच मिनिटांत काम झाले. कायदा दोन्ही दिवशी तोच होता. म्हणूनच माझे म्हणणे असे की त्या चौकटीवरील शब्द बदलावा, "विवाह लावणारी व्यक्ती, असल्यास" असे लिहावे, म्हणजे कारकुनाला कलम वाचावे लागणार नाही आणि जिन्यावरील गृहस्थांना दुसरा उद्योग शोधावा लागेल.

रजिस्टर लग्न म्हणजे नुसता कागद, हा मुद्दा दोन कायद्यांची गल्लत करून उभा केलेला आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ खालील लग्न ही आधी लागलेल्या लग्नाची नोंद नसते. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती व पत्नी म्हणून स्वीकारल्याचे तोंडाने म्हणणे हेच तिथे लग्न असते, बाकीचा विधी दोघांना हवा तो करावा किंवा करू नये. (लोक त्याला "कोर्ट मॅरेज" म्हणतात, पण त्यात कोर्टाचा काही संबंध नसतो.) वारशाचे म्हणाल तर दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यांना हिंदू वारसा कायदाच लागतो, दोघांपैकी एकाचाही धर्म यांबाहेरचा असेल तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा. मुले वाऱ्यावर पडतात हे धादांत खोटे आहे. उलट १९७८ मध्ये एका जोडप्याच्या पन्नास वर्षांच्या सहजीवनानंतर कुणीतरी त्यांच्या लग्नालाच आव्हान दिले आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताला साक्षीला का आणले नाही असा युक्तिवाद केला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने तो क्षणार्धात फेटाळला. अर्ध्या शतकानंतर प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणायला सांगितले तर फारच थोडी जोडपी टिकतील, असा त्या निकालाचा आशय आहे.

तीस दिवसांच्या नोटिशीवर थोडे थांबावे लागेल, कारण "मुली पळवण्या"चा आरोप तिच्यावर टांगलेला आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयातील ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवस कुणालाही आक्षेप घेता येतो. पण कोणता आक्षेप? फक्त कायद्याच्या अटींविषयीचा: वय, पहिला जोडीदार हयात असणे, संमती देण्याची मानसिक क्षमता, निषिद्ध नाते. आईवडिलांची नाराजी, जात, धर्म यांचा त्या यादीत समावेश नाही. वय जन्मदाखल्याने कळते, घटस्फोट हुकूमनाम्याने कळतो. त्यासाठी सज्ञान मुलीचे नाव आणि पत्ता महिनाभर भिंतीवर कशाला हवा? ज्यांना तो हवा असतो ते निषिद्ध नाती तपासायला येत नाहीत, ते मोबाइलवर फोटो काढून मुलीच्या गावी पाठवायला येतात. आणि हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्याला अशी एका दिवसाचीही नोटीस द्यावी लागत नाही. मंगल कार्यालयात पहिल्या बायकोला लपवून बोहल्यावर चढणाऱ्याचा पत्ता कुणी भिंतीवर लावत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडावी असा निकाल दिला. तो देशभर कायद्यातच लिहिला जावा, एवढीच मागणी आहे, आणि ती करणारे बहुतेक जण माझ्यासारखेच मुलीबाळींचे नातेवाईक आहेत.

महिला पुरोहितांबद्दल लांबण लावण्याचे कारण नाही. सातव्या कलमात पुरोहितच नाही, तर त्याचे लिंग कुठून असणार? शिर्डीजवळील साकोरीच्या, उपासनी महाराजांच्या आश्रमातील कन्या अनेक पिढ्या यज्ञ करीत आल्या आहेत आणि पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही संस्था स्त्रीपुरुषांना, कोणत्याही जातीच्या, पौरोहित्य शिकवते. त्यांनी लावलेली लग्ने वैध आहेत.

"फक्त हिंदूंचेच विधी दिसतात" हे वाचून तर हसू आले, कारण पुरोहिताची अट ज्यांच्या कायद्यात खरोखर आहे ते हिंदू नाहीतच. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. लग्न कोणी लावावे याची त्यात यादी आहे, परवाने आहेत, आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही वेळसुद्धा आहे. पारशी विवाहाला पुरोहिताचा आशीर्वाद आणि त्याच्याशिवाय दोन पारशी साक्षीदार लागतात. मुसलमानांच्या बाबतीत १८८० च्या काझी कायद्यातच लिहिले आहे की काझी हजर असणे आवश्यक नाही. सुधारणा मागायची तर ख्रिस्ती कायद्यातील ही दीडशे वर्षांपूर्वीची यादीही बदलली पाहिजे, आणि मी ती मागतो. आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी हाच विवाहाचा कणा आहे; तिथले लोक "पहिली सही झाली, दुसरी सही पुढच्या महिन्यात" असे लग्नाच्या तारखेसारखे बोलतात, आणि त्या दोन सह्यांनंतर कुणी भटजींना बोलावतात, कुणी नाही. यामुळे गोव्यातील हिंदूंचा धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही.

भटजींशी माझे वैर नाही. आमच्या घरच्या गुरुजींनी माझे लग्न लावले, माझ्या वडिलांचे दिवस त्यांनीच केले, आणि भाचीच्या लग्नाला ते पहिल्या रांगेत बसून जेवून गेले. ज्यांना हवे त्यांनी त्यांना जरूर बोलवावे. ताईलाही मी हेच सांगितले: तुला हौस म्हणून सत्यनारायण घालायचा असेल तर घाल, पण पोरीचे लग्न पुन्हा लावायचे नाही, कारण ते लागलेले आहे.

नमुन्यातील "पुरोहित" हा शब्द बदलावा असा अर्ज मी त्यानंतर विवाह नोंदणीच्या वरिष्ठ कार्यालयाकडे केला. सातव्या कलमाची प्रत आणि ७-अ चा मराठी तर्जुमा सोबत जोडला. पोचपावतीवर शिक्का आहे, आवक क्रमांक आहे. उत्तर अजून आलेले नाही.